बारा बाइट

कंसाच्या आत अजून एकही बैल बांधलेला नाही.
नुसतं लिहिलंय, बैल म्हणजे काय:
दात, पूर्णांकात.
रंग, एका अक्षरात; व्ही म्हणजे वानेरा,
एस शेवरा, बी बालंक्या.
दर, पुन्हा पूर्णांकात.
महिरप मिटली आणि अर्धविराम राहिला,
तर उदगीरच्या तंत्रनिकेतनात
चूक खालच्या ओळीवर दिसते,
जिथं ती नसतेच.

सोनटक्के मॅडम मागून म्हणाल्या,
व्याख्या जागा अडवत नाही. नाव दे, मग जागा.
मी नाव दिलं. हरण्या.
हरण्या, टिंब, दात:
सहा.

'दर वाढव' नावाचं फंक्शन लिहिलं.
हरण्या आत गेला, चाळीसचे पंचेचाळीस झाले,
बाहेर बघते तर चाळीसच.
आत गेला होता त्याचा हुबेहूब जोडीदार,
काम सरताच पुसला गेलेला.

शिवलिंगमामाची दलालीत तीस वर्षं गेली.
त्याला हे सांगितलं तर हसला,
खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला
आणि खाली बोटं धरली. चार. मग अर्धं.
"आकडा बोलायचा नस्तो माय.
बैल कुठं हाय ते ठावं असलं
की बैल कशाला हलवायचा?"

सकाळी पत्ता पाठवला. टिंबाच्या जागी बाण.
दर बदलला,
हरण्या जागचा हलला नाही.

मग माप विचारलं.
चार, एक, चार. नऊ यायला हवे होते.
आले बारा.
मॅडम म्हणाल्या, दर चारच्या पटीवरच उभा राहतो,
म्हणून रंगानंतर तीन घरं मोकळी.
मामाला त्यात नवल वाटलं नाही:
"दावणीला अंतर लागतंयच. न्हाईतर शिंगं लागतेत."

"आणि मारका असला तर? ते कुठं लिहू?"

मामानं दाराकडं बघितलं.
"ते कशाला घालतीस त्यात?
घेणाऱ्याला दोन दिवसांत कळतंयच."
त्याचा डावा पाय गुडघ्यात आखडलेला,
चहाला उठताना हात आधी भिंतीला जातो.
तो बैल कुणी विकला होता,
मामा कधी बोलला नाही.

रात्री रंगाच्या खाली, दराच्या वर
आणखी एक अक्षर घातलं. खोड.
एक किंवा शून्य.
पुन्हा माप विचारलं.

बारा.