किल्लीवाली

किल्ली माझ्या एप्रनच्या खिशात असते,
वीतभर लांब, जुन्या लोखंडाची.
ट्रान्सिल्व्हेनियातल्या आमच्या गावचे जर्मन गेले, त्या हिवाळ्यात
पाद्री थाईलनं ती माझ्या हातावर ठेवली.
म्हणाला, झाम्फिरा, छत गळलं तर
आधी पुस्तकं हलव, मग ऑर्गन.
मग मोटारीत बसला. मागं वळून बघितलं नाही.
बघितलं असतं तर गेला नसता.

बुरुजात पूर्वी डुकराची चरबी टांगायचे,
घरटी एक आकडा,
रविवारी सुरीनं आठवड्यापुरती कापून न्यायची.
आता तिथं पुस्तकं आहेत.
वास अजून दोन्हींचा येतो,
धर्मशास्त्राला थोडा धुरकट, खारट.

मला वाचता येत नाही. त्यांची ती काटेरी लिपी
आता गावात कुणालाच येत नाही.
पण पाद्रीनं एकदा बोट ठेवून सांगितलेलं
माझ्या ध्यानात आहे.
कृपेवरचं पुस्तक सगळ्यांत जड,
दोन्ही हातांनी उचलावं लागतं.
नरकावरचं पातळ. त्याला कसर लागत नाही.
चर्चच्या इतिहासाचे नऊ खंड,
त्यांतला चौथा नाही.
कुणी छातीशी धरून नेला असेल,
नाहीतर चूल पेटवली असेल.
थंडी फार होती त्या वर्षी.

मे महिन्यात मी दारं उघडते, पानं वाऱ्याला धरते,
आई लोकर पसरायची तशी.
पानांतून काय काय पडतं:
लिंडेनचा वाळलेला तुरा,
दात उपटल्याची पावती,
एक लांब, तांबूस केस
(पाद्रीणबाईंचे तर काळेभोर होते).
ज्या पानातून पडला त्याच पानात परत ठेवला.
कुणाचं पाप कुठल्या प्रकरणात,
मला काय करायचंय.

गेल्या उन्हाळ्यात ऑर्टविन आला,
थाईलचा नातू, पांढरे हातमोजे घालून.
चार दिवस मोजत बसला.
पेनला हात लावू देईना, कॉफीही बाहेर प्यायची.
समासातलं मला वाचून दाखवायचा.
प्रभुभोजनाच्या पानावर
एका पाद्रीनं तपकिरी शाईत लिहिलेलं: भाकर म्हणजे देहच.
त्याखाली ऐंशी वर्षांनी दुसऱ्यानं, पेन्सिलीनं:
बंधू, नुसती खूण आहे.
त्याच्याखाली तिसऱ्यानं:
पीठ महागलंय.
मी इतकी हसले की कबुतरं उडाली.
हा तिसरा भेटला असता तर लग्न केलं असतं.

मग मी विचारलं,
आमच्याबद्दल काय लिहिलंय ह्यांत?
तो हाताने लिहिलेली जाड वही चाळत राहिला.
चाळता चाळता त्याचे कान लाल झाले.
एकच ओळ सापडली:
गावाबाहेरच्या जिप्सी बाईनं पोरासाठी बाप्तिस्मा मागितला.
दारातच दिला. नाव विचारलं नाही.

मुलगा की मुलगी?
लिहिलं नाही, तो म्हणाला,
आणि माफ करा म्हणाला,
जणू पाण्याचं भांडं त्याच्याच हातात होतं.

मग त्यानं एक हातमोजा काढला,
पेन्सिल पुढं केली:
तुम्ही सांगाल ते नाव मी लिहितो.

मी वहीकडे बघितलं.
माझा देव दुसऱ्या चर्चमधला, सोनेरी, भिंतीवरचा,
तोही कधी काही लिहीत नाही.
म्हटलं, राहू दे.
त्याच्या आईला ठाऊक होतं. रस्त्यानं
घरापर्यंत हाक मारत गेली असेल.
दार कुठलं होतं तेवढं सांग.

पश्चिमेचं, तो म्हणाला.

चौथा खंड हाइलब्रॉनमध्ये आहे म्हणे,
आजीच्या खिडकीत, जिरेनियमच्या कुंडीखाली.
पाठवतो म्हणाला.
अजून आलेला नाही.

पश्चिमेचं दार त्या दिवसापासून
संध्याकाळी मी थोडं उघडं ठेवते.
करकरतं.
सूर्यफुलाचं तेल घालून बघितलं, तरी करकरतं.