सातवीची रात्र

उद्या साडेअकराला आरवाडे वकीलबाई.
मिरजेहून पावणेअकराची सिटी बस धरू,
विश्रामबागला उतरलं की चालत पाच मिनिटं.

तोवर हे कागद, मेहराब.
वाळत घातलेले भोपळे भिंतीकडे सारून
मी चटईवर सगळे मांडलेत.
निळं कार्ड, मुदत संपलेलं.
पासपोर्टची झेरॉक्स. मूळ कुठे गेला ते तू सांगायचंस.
ठाण्याचा शिक्का, शाई अर्धीच उठलेली.
आणि आमचा भाडेकरार:
त्यात तुझं नाव दोनदा चुकलंय,
दोन्ही वेळा वेगवेगळं.

बाई फोनवर म्हणाल्या, तारखा क्रमानं लिहून आणा.
तू लिहिल्यास, उजवीकडून डावीकडे.
सन चौदाशे, महिना असद.
घर सोडलं तो दिवस कोणता, विचारलं,
तर म्हणालास, मोहरमची सातवी.
मला हायसं वाटलं. सातवी मला कळते.
आमच्या गल्लीत त्या रात्री पंजांपुढे
शिकलगार आणि पाटील एकाच परातीतून मलिदा वाटतात.
जुनं कॅलेंडर माळ्यावरून काढलं, धूळ झटकली,
बोट ठेवलं: सतरा ऑगस्ट.
तू मान हलवलीस.
तुमच्याकडे चांद एक दिवस आधी दिसला होता.

सोळा लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा सोळा.
खाडाखोड चालत नाही म्हणून कागद बदलला.

त्याच रात्री भावाचं. तिथे तू थांबतोस.
काल थांबलास, परवाही, बरोबर त्याच शब्दाशी.
तुझ्या उर्दूचं मराठी मी करीन बाईंसाठी,
पण तिथे काय सांगू?
चहा मागवा म्हणू?

सासरे आत डोकावून गेले.
पुण्याच्या गिऱ्हाइकाची सतार शनिवारी द्यायचीय,
घोडी अजून घासायचीय,
तुझ्याइतकं हलक्या हातानं कुणाला जमत नाही.
हे उद्या बोलायचं नाही.
की बोलायचं?
'काम करता का?' हा प्रश्न येणारच,
कार्डावर कामाला परवानगी नाही,
आणि वकिलापाशी खोटं बोलू नये म्हणतात.

बस इकडे. हात दे.
स्पिरिटचा बोळा घेऊन एकेक नख घासलं.
चपड्याची तांबूस रेघ कडेला राहिलीच.
राहू दे.
माझ्याही नखात तीच आहे,
आणि उद्या आपण दोघं
बाईंच्या टेबलावर हात ठेवून
शेजारी शेजारी बसणार आहोत.