सुद्धा

अशोक चौकातल्या छापखान्यात
मी प्रुफं तपासते.
मार्चातच पंखा ऊन कालवायला लागतो,
कागद उडू नयेत म्हणून वर शिशाचे जुने ठोकळे.
पान एकशे बारा, ओळ सातवी:
‘साखर पेठेतल्या विडी वळणाऱ्या स्त्रियासुद्धा
आता वर्तमानपत्र वाचू लागल्या आहेत.’

लोक ‘ध्द’ लिहितात. सरांनी ‘द्ध’ लिहिलाय.
शब्दाला जोडून लिहायचं, जोडूनच लिहिलंय.
चूक काहीच नाही.
तरी लाल पेन तिथं अडकलं,
सुतात गाठ आली की धोटा अडकतो तसं.

हेरवाडकर सर वाईट नाहीत.
दर वेळी विचारतात, जेवलीस का, आईचा खोकला कसाय,
आणि जिना उतरता उतरता,
‘तुझं मराठी मात्र छान हं! तेलुगू आहेस असं वाटतच नाही.’

माझे पणजोबा करीमनगरकडून आले
तेव्हा सरांचे आजोबा शाळेतही गेले नसतील.
बी.ए.ला मराठीत पहिली आलेय मी.
पण त्या ‘हं’मध्ये
डोक्यावरून फिरलेला हात असतो,
मायेचा, खरंच मायेचा,
आणि हाताला उत्तर काय द्यायचं?
मी म्हणते, थँक्यू सर.

रात्री आईला वाचून दाखवलं.
ती पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधत होती.
चाळीस वर्षं पेपर वाचतेय आई,
वाण्याच्या पुड्यांवरचा, टोपलीत अंथरलेला,
म्हणून तिला पुष्कळ बातम्यांचा
शेवट माहीत नाही.

‘सुद्धा म्हणजे कूडाच ना?’ तिनं विचारलं.
‘मग सोबत घेतलं की आपल्याला. त्यात काय?’
‘तसं नसतं गं. जाऊ दे,
तुला नाही कळायचं.’

बोलून गेले.
बाहेर कुणाचा तरी माग चालू होता,
खटक खटक.
आईनं दोरा दातानं तोडला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाली,
‘पोकळ विडी आणि भरलेली विडी
दिसायला सारखीच असते.
चेकर दोन बोटांत धरतो, त्याला कळतं.
मलाबी कळतं.’

सकाळी समासात लिहिलं: ‘सर, सुद्धा कशाला?’
उद्धट वाटलं. खोडलं.
‘सर, आपल्या लक्षात आलं नसेल कदाचित’
हे तर अगदी त्यांच्याच आवाजात आलं.
‘नम्र सूचना’ लिहून बघितलं,
त्यात नम्र काहीच नव्हतं.
शेवटी त्या शब्दाखाली रेघ ओढली
आणि नुसतं प्रश्नचिन्ह ठेवलं.

दुपारी सरांचा फोन.
‘अगं, ते सुद्धा मी कोशात बघितलं, बरोबर आहे.
पण शंका काढलीस, आवडलं मला.
तुमच्यातल्या मुली आता
इतकं बारीक बघायला लागल्या, वा!’
मी फोन ठेवला.
शेजारचा मशीनवाला गौससाब म्हणाला, काय झालं बे?
काय नाही, म्हटलं. पान एकशे बारा ओके.

पुस्तक निघालं. एक प्रत मला,
‘चि. पद्मजास, सप्रेम.’
आईनं चष्मा पुसला,
पान एकशे बारा काढलं,
पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं.
या खेपेला कागद फाटलेला नव्हता.

मग मागं गेली, सातव्या ओळीवर,
आणि तो शब्द
अंगठा आणि तर्जनीत धरून
हलकेच दाबून बघितला.