मधली वाटी

दर गुरुवारी दुपारी अडीचला
केळेवाडीतल्या अंगणवाडीत मी तीन वाट्या मांडते.
लहान, मधली, मोठी.
तुळशीबागेतून आणलेल्या. बिल ऑफिसात दिलंय,
अजून मंजूर नाही.

काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाल्लं
ते आठवून सांगायचं.
आणि कुठल्या वाटीने.

बायका मोठ्या वाटीकडे बोट दाखवतात,
मला बरं वाटावं म्हणून.
शबनम म्हणते, दूध दोन वेळा,
आणि तिची सासू दारातूनच हसते.
भिंतीवरच्या तक्त्यात एक गोरीपान बाई
डाळिंब हातात धरून बसलेली आहे.
तिला कुणी विचारत नाही काल काय खाल्लं.

जयमाला सकट. वय चोवीस. दुसरी खेप, पाचवा महिना.
हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन.
सकाळी सहापासून कर्वे पुतळ्यामागच्या सोसायट्यांत
कचरा उचलते, ओला वेगळा, सुका वेगळा.
ती कुठल्याच वाटीकडे बोट दाखवत नाही.
"चहा. मग परत चहा. दुपारी भाकरी,
कोरड्यास उरलं तर."
कुणाचं जेवून उरलं तर, असं मी विचारणार होते.
तिने माझ्याकडे पाहिलं.
मी पुढच्या रकान्यात गेले.

मग माझं नेहमीचं.
लोहाची गोळी चहावर घ्यायची नाही,
तासभर मध्ये जाऊ द्या, लिंबू पिळा.
मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा.
शेपू, चवळी, बाजार उठताना जुडी स्वस्त मिळते.
"अंडं उष्ण पडतं ना, ताई?"
नाही पडत.
पपईवर नेहमीच वीस मिनिटं जातात.

"मला तक्ता नका दाखवू," जयमाला म्हणाली,
"कोण दोन जिवांची आहे ते मला बादलीतनं कळतं.
कधीकधी सासूच्या आधी.
पहिल्यांदा ती तपासायची पट्टी येते, पेपरात गुंडाळून.
मग कैरीच्या कोयी. मग शहाळी,
शहाळी लई जड, जिन्यावरनं उतरवताना कंबर जाते.
डाळिंबाच्या सालांनी बोटं काळी पडतात.
बदामाचा डबा मात्र मी ठेवलाय, तिखटाला."

सगळ्या हसल्या.

"आणि बी विंग, तीनशे दोन.
तिच्या गोळ्या कचऱ्यात येतात. लोहाच्याच.
भरलेलं पाकीट, दहाच्या दहा.
दोन आठवडे बघितलं, मग बेल दाबली.
म्हटलं, मॅडम, फेकू नका.
मळमळतं तर रात्री जेवून घ्या.
चहावर नको. लिंबू पिळा कशावर तरी."

माझीच वाक्यं,
माझ्याहून निम्म्या शब्दांत.

"मग काय म्हणाली?"
"दार लावलं."

पुढच्या गुरुवारी ती उशिरा आली,
चपला काढता काढताच बोलली,
"पाकीट रिकामं आलं. आणि अर्ध्या लिंबाची साल."

महिन्याने तिचं स्वतःचं आठ पॉइंट सहा.
वाढलं गं, मी म्हटलं.
तिने विचारलं, तीनशे दोनचं किती असेल?

त्या दिवशी वाट्या आवरताना
तिने मधली हातात घेतली, उलटी केली,
खालचा शिक्का पाहिला.
"ही केवढ्याला मिळते?"
मग, माझ्याकडे न बघता:
"सगळ्यांची ताटं वाढून होतात, ताई,
माझं पातेल्यातच राहतं.
पातेल्यातलं कुणालाही आपलं वाटतं.
वाटी असली तर आधी काढून झाकून ठेवता येईल."

आता मी दोनच वाट्या मांडते.
मधली म्हणजे एवढी, असं हाताने दाखवते,
आणि बायका आपापली ओंजळ पुढे करून
माझ्या ओंजळीशी मापून बघतात.