खळं

गंगावेशीतल्या एकाच खुर्चीवर तेहतीस वर्षं
लोकांची डोकी माझ्या हाताखालनं गेली.
कुणाचा भोवरा उजवीकडं वळतो,
कुणाच्या कानामागं जुनी खोक आहे,
कुणाच्या खांद्यावर पांढरं पीठ सांडतं,
सगळं तोंडपाठ. नावं विसरतो कधीकधी.

स्वरूपा एम.एस्सी.ला गेली
आणि सेलोटेपचा रोल घेऊन दुकानात आली.
"आण्णा, कात्री लावायच्या आधी दोन मिनिटं द्या.
मी टाळूला पट्टी चिकटवतो, उचलतो, बास."
गिऱ्हाइकं हसली.
तालमीतला रणधीर तर सदरा काढून
पाठीवरची शिबं दाखवत उभा राहिला.
पट्ट्यांवर तिनं नावं घातली नाहीत, आकडे घातले.
पण सात नंबर कोण, ते मला विचारा.

ही बुरशी म्हणे सगळ्यांच्याच डोक्यात असते.
हमालाच्या, कलेक्टरच्या, तुमच्या, आण्णा.
तेल खाऊन जगते.
काचेच्या ताटलीत वाढवायची तर
ऑलिव्हचं तेल घालावं लागतं,
नाहीतर रुसते, जेवत नाही.
कटाशिवाय घास न उतरणारी,
म्हटलं, म्हणजे आपल्याच गावची की.

रविवारी जोतिबाच्या रस्त्याला स्कूटर लावून
आम्ही टाकळा उपटला.
नदीकाठची निर्गुडी, कपिलतीर्थातनं रिठे,
शाळेमागच्या कडुलिंबाचा पाला.
सावलीत वाळवलं, घरच्याच मिक्सरात दळलं
(चार दिवस चटणी कडू),
स्पिरिटात सात रात्री भिजवलं.
मग पंचिंग मशीननं कागदाच्या टिकल्या पाडून
एकेक टिकली एकेका अर्कात बुडवली
आणि बुरशीच्या सायीवर ठेवली.

पाचव्या दिवशी मला लॅबमध्ये नेलं.
चप्पल बाहेर काढली तर म्हणाली, देऊळ नाही हे, घाला.
ताटली उजेडात धरली.
टिकलीभोवती खळं पडलं होतं,
चंद्राला पडतं तसं, गोल, स्वच्छ,
आत काही म्हणजे काही उगवलेलं नाही.
टाकळा, चौदा मिलिमीटर.
रिठा अकरा, पण कडा धुरकट.
निर्गुडी नऊ.
कडुलिंब, गावभर नाव, इथं जेमतेम सात.

आणि पाचवी टिकली.
तिचा वास मी झाकणावरनंच ओळखला.
तिळाचं तेल, माका, वडाच्या पारंब्या, कापूर.
एकवीस वर्षं पाव बाटलीनं विकतोय,
बोर्डावर लाल अक्षरात: कोंड्यावर रामबाण.
तिच्याभोवती खळं नव्हतं.
बुरशी टिकलीला भिडून आलेली, जाड, मलईसारखी,
वर चढून बसलेली,
जावळाच्या दिवशी मामाच्या मांडीवर
पोर बसतं तशी निवांत.

वहीत लिहिलं होतं: नमुना पाच, शून्य.
नाव नव्हतं. आकडाच होता.

बराच वेळ ताटलीकडं बघत राहिलो.
मग विचारलं, टाकळ्यानं मरतीया का पण?
"मारायची नाहीच, आण्णा.
ती गेली तर जागा रिकामी राहत नाही,
दुसरं कुणीतरी येऊन बसतं.
तिला फक्त तिच्या जागेवर ठेवायचं."
आणि मोजपट्टी पुसून खिशात टाकली.
बापाला समजवायला आणखी काही बोलली नाही,
ते बरं केलं.

बोर्डावरची ओळ खरवडायला
मुल्लाणी पेंटरला बोलावलं.
म्हणाला, पुसलेलं दिसंल, मालक.
म्हटलं, दिसू दे.

शनिवारी सात नंबर आला.
बसता बसता म्हणाला, एक बाटली बांधा.
संपलं, म्हटलं.
मागच्या कपाटात अकरा बाटल्या होत्या.
एक फोडलेली; तिच्यातला थेंब
कात्रीच्या खिळ्याला घालतो आता,
मस्त चालते.

पाणी मारलं, केसांत बोटं घातली
आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच वाटलं,
खाली कुणीतरी पंगतीला बसलंय.
हात जरा हळू फिरवला.