डावीकडं ओढतंय

शिये फाट्याच्या अलीकडं, रात्री पावणेबाराला,
पाण्यानं भरलेला खड्डा रस्त्यासारखाच दिसतो.
अभिनंदन एवढंच म्हणाला, "जरा आपटली, अक्का,"
आणि किल्ली फ्रिजवर ठेवून झोपायला गेला.

सकाळी कागलहून सॅम्पल घेऊन निघाले.
मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत बावीस जणांचं रक्त,
आणि स्टिअरिंग सरळ धरलं तरी
गाडी डाव्या अंगाला,
जुवाखालून मान काढू बघणाऱ्या बैलासारखी.
साठच्या वर गेलं की तळहातात थरथर,
खाली आलं की नुसता गुणगुणाट.
अभिनंदनशी बोलले नाही.
दोन दिवस बोलले नाही.

उद्यमनगरात बाबालाल शिकलगारांचं गॅरेज,
दोन लेथच्या शेडमध्ये दाबून बसवलेलं.
हवेत कापलेल्या बिडाचा वास.
मी सांगायला लागले: खड्डा, रात्र, भाऊ.
ते म्हणाले, "तुमी नगा सांगू. तिला सांगू दे."

बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकून
गाडी खाली दाबली, सोडली.
ती वर आली, खाली गेली, वर आली,
आणखी एकदा, उगाच.
"दाबून सोडली की गप बसाय पायजे. ही बसता बसंना."
वाकून शॉकअपवर बोट फिरवलं.
बोटाला तेल, तेलात धूळ.
धुळीकडं ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग जॅक. चाक अधांतरी.
वर-खाली धरून हलवलं: गप्प.
डावं-उजवं धरून हलवलं: टक्.
अगदी बारीक, पोराचा दात हलतोय का बघावा तसं.
"टाय रॉड एन्ड," ते चाकाला म्हणाले, मला नाही.

खडू घेतला, शाळेत असतो तसलाच,
रिमच्या कडेपासून केसभर लांब धरला
आणि दुसऱ्या हातानं चाक फिरवलं.
रिम सरळ असती तर खडू लागलाच नसता.
एका फेऱ्यात एकदा लागला.
पुढच्या फेऱ्यात परत, तिथंच.
चाक थांबलं तेव्हा चार बोटं पांढरी रेघ,
शियेचा खड्डा तेवढाच उरलेला.
शेजारी टायरच्या गालावर लिंबाएवढा फुगा.
"आतलं दोरं तुटल्यात. ह्याला औषध न्हाई.
रिम ठोकून देतो. टायर टाका."

मी मनात आकडे मांडत होते,
टायर, शॉकअप, एन्ड, अलाइनमेंट,
आणि बेरजेखाली भावाचं नाव.

"हितं हात लावा," ते म्हणाले. टायरची आतली कड.
बाहेर नक्षी शाबूत,
आत गुळगुळीत, पाटा घासून जावा तशी,
आणि एके जागी तार टोचली.
"हे खड्ड्याचं न्हवं, ताई. हे सा म्हैन्याचं हाय.
कवापास्नं ओढत असंल. कळलं न्हाई तुमास्नी?"

कळलं नाही.
सरळ जायचं तर थोडं उजवीकडं धरायचं,
हे हातांनी कधी शिकून घेतलं आठवत नाही.
उजवं कोपर दुखायचं, मी तेल चोळायचे.
तीन महिन्यांची साखर एका थेंबात वाचते मी,
अनोळखी माणसांची.
दिवाळीत अभिनंदन म्हणाला होता,
"अक्का, गाडी ओढतीय का गं?"
मी म्हणाले होते, "तुला धरता येत नाही."

चौथ्या दिवशी शेजारी बाबालाल, हातात पाना,
सायबर चौकाकडं मोकळा रस्ता,
आणि गाडी सारखी उजवीकडं.
मी घाबरून ब्रेक लावला.
"गाडी न्हाई जात," ते म्हणाले.
"तुमी जाताय. हात ढिला सोडा."

सोडले.
किती तरी वेळ जमलं नाही.

रात्री किल्ली फ्रिजवर ठेवली,
कडेला, त्याच्या हाताला येईल अशी.