खुराड्याची कडी

आधी वाटलं, कुत्रं असेल.
पण कुत्रं एवढं नीटनेटकं नसतं.
पिसं भिंतीच्या कडेकडेनं, थेट गटारापर्यंत,
आणि रक्त जवळजवळ नाहीच.
सासूबाई वाकल्या, चिखलातलं पाऊल बोटांनी मोजलं.
"कोला हाय," म्हणाल्या. "बुटकी गेली."

बुटकी म्हणजे तांबडी, आखूड पायांची,
दिराच्या बुलेटच्या सीटवर अंडं घालणारी.
दीर रोज शिव्या द्यायचा आणि रोज अंडं खायचा.
त्या दिवशी त्यानं सीट पुसली नाही.

करावे गावात कोल्हा!
माझ्या माहेरी, फलटणला, कुणाला खरं वाटेना.
समोर बावीस मजले, मागे चार, मध्ये आमचं परसू.
पण पामबीचखाली एक मोरी आहे,
ओहोटीला तिच्यातलं पाणी गुडघ्याखाली उतरतं
आणि खारफुटीतून तो चालत येतो,
गाड्यांच्या खालून, पाय फारसे न भिजवता.
कॅलेंडरवर मी आता दुधाच्या खाड्याशेजारी
तिथी बघते. भांग कधी, उधाण कधी.

तुर्भ्याहून मी षटकोनी भोकांची जाळी आणली,
स्वस्त, हिरवी, दिसायला छान.
चांगुणाबाईंनी ती दोन बोटांनी फाडून दाखवली.
"ही जाली कोंबरीला आत ठेवते.
कोल्याला भायेर नाय ठेवत."

मग त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर
खुर्चीत बसून त्या सांगत गेल्या, मी खणत गेले:
दीड फूट खोल, जोडतारेची जाळी,
आणि तळाशी ती बाहेरच्या अंगाला वळवलेली,
जेवायला बसताना पदर पसरतो तशी.
वर टॉवरच्या साइटवरचे संगमरवराचे तुकडे.
छताला सासऱ्यांची डोल, तीस वर्षांची,
अजून खारट वास येणारी.
दाराला पाडलेल्या सोसायटीच्या लिफ्टची जाळी.
आणि कडी एक नाही, दोन.
एक नाकानं उचलता येते.

शेजारचे तांडेल कुंपणावरून म्हणाले,
एवढा खटाटोप कशाला,
कोंबडीच्या आतड्यात चमचाभर औषध घाला, सकाळी संपला.
"आन मंग घार? मांजर? तुजा टायगर?"
तांडेलांनी टायगरला आत बोलावलं.

श्रावणात ऑफिसातली माणसं आली, टेप लावला,
लांबी, रुंदी, विनापरवानगी.
खुराड्याच्या दारावर नोटीस चिकटवून गेली,
घराला नाही, खुराड्याला;
बहुतेक तेवढीच भिंत त्यांना मोकळी दिसली.
दुपारपर्यंत कोंबड्यांनी जाळीतून माना काढून
खळ खाल्ली, मग तारीख,
मग सहीचा अर्धा भाग.
पंधरा दिवसांची मुदत तेवढी उरली.

रात्रपाळीहून मी अडीचला परतते.
लॅबमध्ये दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या मोजायच्या,
घरी आल्यावर चोची.
परवा तो होता.
मला वाटलं होतं त्याच्याहून लहान,
उजवा कान फाटका, शेपटीचे केस गेलेले.
संगमरवर बाजूला सारून उकरत होता.
नखं तारेला लागली, थांबला.
हातभर सरकला, पुन्हा उकरलं, पुन्हा तार.
असा सगळ्या बाजूंनी फिरला,
घाई नाही, राग नाही,
टेपवाल्यांपेक्षा जास्त मन लावून.
माझ्या एका हातात डबा, दुसऱ्यात किल्ली.
दगड पायाशीच होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
नोटिशीखालच्या खांबावर एक पाय वर केला,
आणि गटाराच्या वाटेनं गेला.

आत कोंबडा झोपेतच काहीतरी पुटपुटला.
मी दोन्ही कड्या ओढून पाहिल्या.
टॉर्च लावून मोजलं, परत मोजलं.

वरच्या अंधाऱ्या खिडकीतून आवाज आला,
"किती?"
"बारा."
"मंग नीज."